तपासणी न करता ‘निरोगी’ म्हणून विकलेल्या गाईंबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : विकलेल्या गाईंमुळे गोठ्यात आयबीआर या गाईंच्या सांसर्गिक विषाणुजन्य रोगाचा प्रादुर्भाव झाल्याबाबत.

महोदय,

गेल्या हिवाळ्यात आपल्या कंपनीने पंजाबातून आणलेल्या दोन संकरित होल्स्टीन गाई मी विकत घेतल्या. सोबतच्या दाखल्यावर ‘निरोगी’ असे छापलेले आहे. मात्र रक्ततपासणीचा रकाना कोरा आहे.

गाई निफाडला उतरल्यावर आठवड्याच्या आतच त्यांतली एक तापली, तिच्या नाकपुड्या आतून लालभडक झाल्या, डोळ्यांना धार लागली आणि नाकातून चिकट स्राव गळू लागला. पाठोपाठ दावणीच्या जुन्या गाईही आजारी पडल्या, दूध निम्म्यावर आले आणि सहा महिन्यांची गाभण असलेली आमची सर्वांत चांगली गाय गाभडली.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर याचा दोष थंडीला दिला. निफाडची थंडी कडक असते हे खरे, पण थंडीमुळे गाईच्या रक्तात आयबीआरची प्रतिपिंडे तयार होत नाहीत. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुरुवातीलाच घेतलेल्या रक्तजल नमुन्यांत आपल्या दोन्ही गाईंमध्ये ही प्रतिपिंडे आढळली, आमच्या एकाही गाईत आढळली नाहीत. तीन आठवड्यांनी पुन्हा नमुने घेतले, तेव्हा आमच्या गाईंतही ती निघाली. गाय गाभडण्याचे दुसरे कारण ठरू शकणाऱ्या ब्रुसेला या जिवाणूची तपासणीही करून घेतली, तो अहवाल निर्दोष आहे.

हा विषाणू एकदा शिरला की वरून बरी दिसणारी गायही तो जन्मभर मज्जातंतूंच्या गाठींत बाळगते आणि ट्रकचा लांबचा प्रवास किंवा विण्याचा ताण आला की तो पुन्हा नाकावाटे बाहेर पडू लागतो. त्यामुळे रक्त न तपासता, केवळ डोळ्यांनी पाहून अशा गाईला ‘निरोगी’ ठरवता येत नाही, आणि जनावरांच्या खरेदी-विक्रीवरच चालणाऱ्या कंपनीला एवढे ठाऊक असायलाच हवे. जनावरांच्या सांसर्गिक रोगांविषयीच्या 2009 च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीतही या रोगाचा समावेश आहे. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. आम्ही केलेला औषधांचा सारा खर्च मागाहून जडलेल्या न्यूमोनियासाठी होता.

तरी दोन्ही गाईंची किंमत, उपचारांचा खर्च आणि बुडालेल्या दुधाची व गाभडलेल्या गाईची भरपाई मिळावी. त्या गाई परत नेणार असाल, तर त्या दुसऱ्या कोणाच्या गोठ्यात विकणार नाही असे आधी लेखी द्यावे. शिवाय त्याच ट्रकमधल्या इतर गाई ज्यांनी घेतल्या, त्यांना आपण आजच कळवावे. त्यांच्याकडे एखादी गाय गाभण असेल, तर एकेक दिवस मोलाचा आहे.

दाखला, पावती व दोन्ही वेळचे अहवाल सोबत जोडले आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. हा गोठा हेच माझ्या उदरनिर्वाहाचे साधन असल्याने 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी ग्राहकच ठरतो.

आपला,
एक दूध उत्पादक
ता. निफाड, जि. नाशिक