घड्याळ परत पाठवतोय

पाचपाखाडी, ठाणे

प्रिय दिल्या,

तू वाढदिवसाला दिलेलं पावलं मोजणारं घड्याळ कुरियरने परत येतंय. रागावू नकोस. दोन महिने मी ते इमानाने वापरलं.

संध्याकाळी मी आईला कचराळी तलावावर नेतो, तुला माहीतच आहे. दोन फेऱ्यांत तिचे गुडघे दुखायला लागतात, मग आम्ही बाकावर बसायचो. घड्याळ आल्यापासून मी तिला बसवून एकटाच फेऱ्या मारू लागलो. दहा हजार व्हायला हवेत ना! एकदा परतलो तर म्हणाली, "झाला का रे तुझा आकडा? काहीतरी सांगायचं होतं, आता विसरले." ती विसरली नव्हती, दिल्या.

हा आकडा आला कुठून, तर १९६५ साली जपानच्या एका कंपनीने असंच एक यंत्र विकायला काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. त्या नावापायी मी आईला बाकावर बसवून ठेवत होतो.

गाण्याचंही तेच. नौपाड्यात बाईंकडे तीन वर्षं शिकतोय. भेटेल तो विचारतो, "कितवी परीक्षा?" प्रवेशिका, मग मध्यमा, मग विशारद. ज्यांना द्यायच्यात त्यांनी जरूर द्याव्यात. मला भूपातला गंधार नीट लागला की पुरे. ऑफिसात दरवर्षी 'सुधारणेला वाव कुठे' ते लिहून द्या, सोसायटीच्या ग्रुपवर पहाटे पाचला उठल्याची हजेरी लावा. माणूस नुसता बसलेला कुणाला बघवत नाही. पन्नाशीला आलेल्या माणसाने रोज सकाळी स्वतःला अपुरं मानून उठायचं, हे मला मान्य नाही. तू म्हणालास तरी नाही.

डॉक्टरांनी सांगितलं तर चालेन. पण आईच्या चालीने.

आता आम्ही पुन्हा बाकावर बसतो. परवा तिने न विचारता सुरुवात केली. मे १९७४ च्या रेल्वे संपात धरपकड चालू होती, तेव्हा बाबा क्वार्टर सोडून कळव्याला एका ओळखीच्यांकडे लपले होते. ही नवी नवरी, पदराखाली डबा घेऊन रात्री खाडीपुलावरून जायची. बाबांनी आयुष्यात हे कधी सांगितलं नाही. पुलावर एकदा हिला पोलिसांनी अडवलं, तिथवर आलो आणि डास चावायला लागले म्हणून उठलो.

उरलेलं आज संध्याकाळी ऐकायचंय, म्हणून इथेच थांबतो.

तुझा,
अवि