छायाचित्रावरून माणूस जोखताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या मुलामुलींना घरची वडीलधारी मंडळी हल्ली दोन सूचना हमखास देतात: कपडे नीटनेटके घाला आणि इन्स्टाग्रामवरचे फोटो आधी पाहून घ्या. सूचना व्यवहाराला धरून आहेत. पण समोर बसून पारख करणाऱ्यांनी आपली नजरही तपासावी, असे त्यांना कोणी सांगत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण अभ्यासले, तेव्हा ज्याची शरीरयष्टी वरिष्ठांच्या नजरेत भरली त्याला बुद्धिमत्ता, नेतृत्व आणि चारित्र्य यांतही झुकते माप मिळते, असे १९२० मध्ये त्यांनी दाखवून दिले. पुढे २००६ मध्ये जेनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरॉव्ह या संशोधकांना आढळले की अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला तरी लोक त्याच्या विश्वासार्हतेविषयी मत बनवतात. जास्त वेळ दिल्यावर मत फारसे बदलत नाही, त्याबद्दलची खात्री मात्र वाढते. मला ही खात्रीच अधिक घातक वाटते. मित्राच्या वरातीत नाचणारा मुलगा 'हौशी' आणि तशाच वरातीत नाचणारी मुलगी 'वळण नसलेली', हा निवाडा नाशिकच्या कॉलेज रोड परिसरात खोली भाड्याने देणारेही तेवढ्याच खात्रीने करतात.

पेहराव क्षुल्लक असतो, असे माझे म्हणणे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना, जातीची खूण ठरणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि दागिने टाकून देण्यास सांगितले, कारण पाहणारा त्यावरून काय ठरवतो हे ते जाणून होते. मात्र पोशाख बदलल्याने बंद दारे आपोआप उघडत नाहीत, हे नाशिककरांनी १९३० पासूनच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात पाहिले आहे.

म्हणून सातपूर-अंबडच्या उद्योजकांना विनंती आहे की प्राथमिक अर्जासोबत छायाचित्र मागू नये, सर्व उमेदवारांना आधी ठरवलेले तेच प्रश्न विचारावेत, शक्य तेथे यंत्रावर प्रत्यक्ष काम करून घ्यावे आणि समाजमाध्यमे पाहायचीच असतील तर मुलाखतीचे गुण कागदावर उतरल्यानंतरच पाहावीत. 'निमा' आणि 'आयमा' या उद्योजकांच्या संघटनांनी आपल्या सभासदांना तसे पत्रक पाठवावे.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक