वेव्हचे फ्लॅक करताना नोंदी गळू देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कीर्तने, व्याख्याने, गाण्याच्या बैठकी यांच्या जुन्या कॅसेटी आणि स्पूल संगणकावर उतरवण्याचे काम अनेक ग्रंथालये व घरगुती संग्राहक करत आहेत. जागा वाचावी म्हणून वेव्ह फाइलींचे (आवाज सहसा न आवळता साठवणाऱ्या मोठ्या फाइलींचे) फ्लॅक (आवाज न गमावता आवळलेली लहान फाइल) केले जाते आणि मूळ फाइली पुसल्या जातात. फ्लॅकमध्ये आवाजाचा दर्जा तसूभरही कमी होत नाही, हे खरे. पण वेव्ह फाइलीत आवाजाखेरीज बरेच काही असते आणि ते नेमके इथेच गळते.

वेव्ह फाइल खणाखणांची असते. आवाज एका खणात. ‘बेक्स्ट’ नावाच्या खणात वर्णन, तारीख आणि टेपचा वेग, यंत्र वगैरे तपशील. ‘क्यू’ खणात खुणा. पूर्वरंग कुठे संपला आणि उत्तररंग कुठे सुरू झाला, ती जागा ‘क्यू’मध्ये असते, पण त्या खुणेचे नाव ‘लिस्ट’ या वेगळ्याच खणात. एक राहिला आणि दुसरा गेला, तर खुणा उरतात आणि कशाच्या ते कळत नाही.

फ्लॅकचा मूळ प्रोग्रॅम हे अनोळखी खण वगळतो. तशी सूचना देतो, पण शंभर फाइली एका दमात लावल्यावर पडद्यावरून सरकणारी ती ओळ कोण वाचणार? त्यात ‘कीप फॉरेन मेटाडेटा’ हा पर्याय आहे. तो फ्लॅक करताना द्यावा लागतो आणि पुन्हा वेव्ह करतानाही. दुसऱ्या वेळी विसरलात, तर खण फ्लॅकमध्ये सुखरूप असूनही नव्या वेव्हमध्ये येत नाहीत.

सगळ्यात फसवी गोष्ट तपासणीची. फ्लॅकच्या आत जपलेला एमडी5 आकडा (मजकुरावरून काढलेला, जुळणी तपासण्याचा ठसा) फक्त आवाजाचा असतो. सगळ्या नोंदी गेल्या तरी चाचणी ‘ठीक’च म्हणते. म्हणून फ्लॅकची पुन्हा वेव्ह करा, जुन्या आणि नव्या अशा दोन्ही संपूर्ण वेव्ह फाइलींचा एमडी5 काढा आणि ते जुळले तरच मूळ फाइल पुसा. पुढे टॅग (फाइलीतील शीर्षक, कलाकार अशा नोंदी) दुरुस्त करतानाही जपा: ‘मेटाफ्लॅक’ या फ्लॅकच्या नोंदी बदलणाऱ्या प्रोग्रॅममधील ‘रिमूव्ह ऑल’ने हे खणही उडतात, ‘रिमूव्ह ऑल टॅग्ज’ने फक्त टॅग जातात.

देवनागरीचा प्रश्न वेगळा. ‘बेक्स्ट’चे वर्णन 256 बाइटांचे आणि साध्या रोमन अक्षरांसाठी आखलेले, तिथे मराठी लिहिले तर अनेक प्रोग्रॅममध्ये प्रश्नचिन्हे दिसतात. फ्लॅकचे टॅग मात्र यूटीएफ-8 या सर्व लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत असतात, म्हणून मराठी नोंद तिथे करावी. एमपी3 च्या जुन्या टॅगमध्ये शीर्षकाला 30 बाइट मिळतात. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते आणि काना-मात्राही वेगळी मोजली जाते, म्हणजे जेमतेम दहा चिन्हे. ‘कीर्तन’ या एका शब्दालाच सहा लागतात! एमपी3 ऐकण्यापुरती ठेवा, संग्रहासाठी नको.

ज्या संस्था हे काम बाहेर देतात, त्यांनी करारातच लिहावे: फ्लॅकची परत केलेली वेव्ह मूळ फाइलीशी बाइटन्‌बाइट जुळली पाहिजे आणि दोन्ही एमडी5 आकड्यांची यादी फाइलींसोबत मिळाली पाहिजे. ही यादी हाती आल्याशिवाय मूळ फाइली पुसू देऊ नयेत.

आपले,
ध्वनिसंग्रहाचे काम करणारे काही वाचक