‘चवीनुसार’ नको, ग्रॅम छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पहिल्या पानावर ‘साखर शून्यावर आणा’ असा लेख होता आणि शेवटच्या पानावर आम्रखंडाची पाककृती. पाककृतीत चक्का किती, आमरस किती, वेलदोड्याची पूड किती, सगळं मोजून दिलेलं. साखरेपुढे मात्र ‘चवीनुसार’. लेखात कडकडीत उपवास आणि पाककृतीत मोकळं रान. वाचकाला जो आकडा हवा असतो तो या दोन्हींच्या मधला, आणि तो अख्ख्या पुरवणीत कुठे नव्हता. म्हणून हे पत्र.

मी सदाशिव पेठेत खानावळ चालवते. जेवायला येणारी बहुतेक मुलं-मुली स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी. साखर मी पोत्याने आणते, त्यामुळे ती कुठे आणि किती मुरते याचा हिशेब मला ठेवावाच लागतो.

आकडा तसा अवघड नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलं की दिवसभरातल्या एकूण कॅलरींपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा दहा टक्क्यांच्या आत हवा, आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवलात तर आणखी बरं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मधल्या आपल्या आहार मार्गदर्शिकेत पाच टक्क्यांचीच मर्यादा धरली आहे. दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाच्या वाट्याला त्यातून 100 कॅलरी येतात. एका ग्रॅम साखरेच्या चार कॅलरी, म्हणजे झाली 25 ग्रॅम. चहाचा सपाट चमचा साधारण चार ग्रॅमचा, त्या मापाने सहा चमचे. पण आपल्याकडे साखरेचा चमचा सपाट घेतो कोण? शीग लावून भरलेला चमचा माझ्या काट्यावर सहा-सात ग्रॅम दाखवतो, तेव्हा सहाचे चारच उरतात. लहान मुलांचं एकूण खाणंच कमी, म्हणून त्यांची मर्यादाही कमी. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला तर वरून साखर नकोच.

या 25 ग्रॅममध्ये साखरेबरोबर गूळ, मध, काकवी आणि फळांचा काढलेला रस हेही धरायचं. अख्खं फळ खाल्लं तर त्यातली साखर यात येत नाही, दुधातली अंगचीही नाही. संत्रं सोलून खाल्लं तर मोजायचं नाही. तीन संत्री पिळून पेला भरला की मोजायचं. चोथा गेला, चावायचं काम गेलं, आणि तीन संत्र्यांची साखर दोन घोटांत पोटात गेली.

रोज चमचे मोजत कोणी जगत नाही, हे मलाही कळतं. म्हणून मी घरच्यांना आणि खानावळीतल्या मुलांनाही महिन्याचा हिशेब सांगते. 25 गुणिले 30, साडेसातशे ग्रॅम. माणशी महिन्याला पाऊण किलो, आणि त्यात बिस्किटं, जॅम, सरबतं, मिठाई सगळं आलं. चौघांच्या घराला तीन किलो. आता वाण्याची यादी काढा. पाच किलो साखर आणि दोन किलो गूळ लिहिला असेल तर बाहेरचा एकही चहा न धरता आपण दुपटीच्या पुढे गेलो. देशाचं गणितही असंच आहे. वर्षाला 280 लाख टनांच्या आसपास साखर खपते. माणशी वीस किलो, दिवसाला जवळजवळ 55 ग्रॅम. यातली बरीचशी हलवाई आणि शीतपेयांचे कारखाने उचलतात, असं म्हणता येईल. पण तीही शेवटी कोणाच्या तरी पोटातच जाते ना!

पुण्याच्या गोड आमटीवरून विनोद करणाऱ्यांना मी काटा दाखवते. मराठवाड्या-विदर्भातून आलेली मुलं पहिल्या आठवड्यात हमखास कुरकुरतात, ‘काकू, वरणात गूळ कशाला?’ पंधरा माणसांच्या आमटीला मी लिंबाएवढा गूळ घालते, पन्नास ग्रॅमच्या आतला. माणशी तीन ग्रॅम. तो वाचवून कोणाचं काही भलं होत नाही. हाच मुलगा अभ्यासिकेतून चार वेळा खाली उतरून चहा मारतो. छोट्या कपातही दीड चमचा साखर असतेच, म्हणजे चार कपांत 24 ग्रॅम. दिवसाचा कोटा तिथेच संपला. मग उन्हाळ्यात उसाच्या रसाचा मोठा पेला, त्यात तीस ग्रॅम तरी. किंवा थंड पेयाची 250 मिलीची बाटली, तिच्यात साधारण 26. मस्तानीचं मी बोलत नाही, ती कोणी तहानेसाठी पीत नाही.

गोड पदार्थांपेक्षा गोड पेयांवर मी जास्त चिडते. श्रीखंड खाल्लं की माणूस आपोआप दुपारी एक पोळी कमी खातो. पेयाने पोट भरल्यासारखं वाटत नाही, जेवण तेवढंच राहतं आणि वरची साखर यकृताच्या गळ्यात पडते. गरजेपेक्षा जास्त झालेल्या साखरेची चरबी करण्यावाचून त्याला दुसरा मार्ग राहत नाही. निव्वळ साखर खाऊन मधुमेह होतो असं कोणी म्हणू नये. वजन, बैठं काम, आनुवंशिकता हे सगळं त्यात आहे. पण 2023 मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहींचा आकडा 10 कोटी 10 लाख निघाला, तेव्हा निष्काळजी राहण्याची सोय उरलेली नाही.

‘मी तर बारीक आहे, मला काय होतंय’ हे वाक्य माझ्या पंगतीत नेहमी ऐकू येतं. त्याचं उत्तर आपल्याच शहरात आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिक यांच्या अंगात 21.2. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार, ही आपल्याकडच्या कित्येकांची ठेवण. हा फोटो खरं तर प्रत्येक अमृततुल्यच्या भिंतीवर हवा.

आता गुळाविषयी. पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर ‘गुळाचा चहा’चे फलक लागले आहेत, आणि साखरेला नावं ठेवणारी मंडळी तिथे दोन-दोन कप निर्धास्त रिचवतात. गुळात थोडं लोह, थोडी खनिजं असतात, हे मान्य. पण शंभर ग्रॅम गुळात ऐंशी ग्रॅमच्या वर साखरच असते. मधाचंही जवळपास तसंच. अर्धा किलो डाळीला अर्धा किलो गूळ घेतला तर वीसेक पुरणपोळ्या होतात. एका पोळीत 25 ग्रॅम गूळ. होळीला दोन खा, तीन खा, तूप घालून खा, मी स्वतः वाढीन. फक्त ‘गुळाची आहे, बाधत नाही’ म्हणू नका.

पाकिटांचा प्रश्न याहून वाईट आहे, कारण तिथे आकडा छापलेला असूनही फसगत होते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार पाकिटामागे अ‍ॅडेड शुगर किती आणि ती दिवसाच्या मर्यादेच्या किती टक्के, हे द्यावं लागतं. पण ही टक्केवारी 50 ग्रॅम धरून काढतात, आणि पोषण संस्था सांगते 25. एखाद्या पाकिटावर 40 टक्के लिहिलं असेल तर ती वीस ग्रॅम झाली. पोषण संस्थेच्या मापाने 80 टक्के. एकाच देशातल्या दोन सरकारी संस्थांची मापं अशी एकाला दुप्पट का, हे तुमच्या वार्ताहराने विचारायला हवं. तोवर वाचकांनी टक्क्यांना दोनाने गुणावं, एवढं तरी छापा. टक्के एका सर्व्हिंगचे असतात हेही लिहा, कारण पाकिटात सर्व्हिंग तीन असतात आणि खाणारा एकच.

सीबीएसईने मे 2025 मध्ये शाळांना ‘शुगर बोर्ड’, म्हणजे कशात किती साखर हे सांगणारे फलक, लावायला सांगितलं, ते मला आवडलं. 4 ते 10 वर्षांच्या मुलांच्या कॅलरींमध्ये साखरेचा वाटा 13 टक्के आणि 11 ते 18 च्या मुलांत 15 टक्के, असं त्या परिपत्रकातच म्हटलं होतं. हवे होते पाच. मराठी माध्यमाच्या शाळांत असे फलक लागायला काय हरकत आहे?

राहिला तुमचा शून्याचा लेख. वरून साखर घेतलीच पाहिजे अशी शरीराची गरज नाही, एवढं त्यातलं बरोबर आहे. ‘मेंदूला साखर लागते’ म्हणून पेपरच्या आदल्या रात्री चॉकलेटं खाणाऱ्या मुलांना मी सांगते, मेंदूला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज लागतं खरं, पण ते भाकरी-भातातून मिळतं. मात्र इन्शुलिन घेणाऱ्या माणसाने हा लेख वाचून घरातली साखर फेकून दिली तर? अशा माणसाला अचानक घाम फुटला, हात थरथरले, रक्तातली साखर उतरली, तर पाण्यात कालवलेली पंधरा ग्रॅम साखर हेच त्या क्षणाचं औषध. एवढी एक ओळ त्या लेखात हवी होती. साखरेऐवजी कृत्रिम गोडव्याच्या गोळ्या टाकून वजन उतरवण्याचा सल्लाही त्यात होता. वजनासाठी त्या वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्येच सांगितलं आहे.

माझं माहेर दौंड तालुक्यातलं, भावाच्या रानात ऊसच आहे. साखर आयुक्तालय शिवाजीनगरला आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरीला, तेव्हा साखरेवर बोलायचं तर पुण्यात जपूनच बोलावं लागतं. पण गाळप किती, उतारा किती, एफआरपी म्हणजे उसाचा ठरवून दिलेला किमान भाव किती हे तुम्ही हंगामभर दशांशापर्यंत छापता. ताटातल्या साखरेचा आकडाही तेवढ्याच काळजीने छापता येईल.

माझी मागणी छोटी आहे. पुरवणीतल्या प्रत्येक पाककृतीखाली साखर-गूळ ग्रॅममध्ये द्या, आणि तो पदार्थ किती जणांचा हेही. वाटी म्हणू नका. माझ्याकडच्या तीन वाट्यांत तीन वेगळी वजनं बसतात. आम्रखंडाला चक्क्याच्या बरोबरीने साखर घातली तर एका वाढीत दिवसाच्या दीडपट साखर जाते, हे वाचून कोणी आम्रखंड करायचं थांबणार नाही. त्या दिवशी संध्याकाळचा चहा तेवढा बिनसाखरेचा घेईल. दिवाळीच्या फराळाची पानं तुम्ही आता लावायला घ्याल. चिरोटे, शंकरपाळे आणि बेसनाच्या लाडवांपासून सुरुवात करता येईल. मापं हवी असतील तर काट्यावर मोजून कळवते.

आपली,
खानावळ चालवणारी एक वाचक
सदाशिव पेठ, पुणे