कपटे जपणाऱ्या दप्तरीकाकांस, जाहीर

ती. दप्तरीकाकांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, धरणाखाली गेलेल्या गावाच्या जुन्या कागदांचं आपलं प्रदर्शन उभं राहिलं. दारातल्या फलकावर कलाकारांची नावं आहेत, देणगीदारांची आहेत, दिवे भाड्यानं देणाऱ्याचंही आहे. तुमचं तेवढं नाही, कारण तुम्हीच घालू दिलं नाहीत. ‘नोकरीत आहे, उगाच विचारणा नको,’ म्हणालात. म्हणून हे पत्र नाव न घेता, पण चारचौघांत.

आभार कागद दाखवल्याबद्दल नाहीत. जुने कागद अभ्यासाला देणं हे तुमच्या कार्यालयाचं कामच आहे आणि तुम्ही ते केलंत. आभार आहेत ते कपट्यांबद्दल.

दप्तर बांधलेल्या रुमालाची गाठ सुटली, पुडक्यातून थळझाड्याचा, म्हणजे गावातल्या शेतांच्या नोंदीचा, कागद बाहेर आला, आणि उलगडताना दुसऱ्या घडीवरून चार-पाच कपटे टेबलावर गळले. सगळ्यात मोठा करंगळीच्या नखाएवढा. एरवी अशा वेळी काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: हाताची कड फिरते, टेबल साफ होतं, काम पुढे सुरू. तुम्ही आधी उठून पंखा बंद केलात. मग कोऱ्या कागदाचा चौकोन घेतलात, मऊ कुंचल्यानं कपटे त्यावर ओढलेत, आणि किराणा दुकानात जिऱ्याची पुडी बांधतात तशी पुडी बांधलीत. डिंक नाही, चिकटपट्टी नाही, स्टेपलची पिन नाही. वर शिसपेन्सिलीनं रुमाल, पुडकं, कागद यांचे क्रमांक लिहिलेत आणि खाली ‘दुसरी घडी, डावीकडून’. पुडी त्याच कागदाच्या पाठीशी ठेवलीत. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी शाबासकीही दिली नाही.

या कामात मुरलेल्या माणसाला यातली प्रत्येक हालचाल वाचता येते. पेन्सिल अशासाठी, की शिसं ओल लागली तरी पसरत नाही आणि उजेडानं उडत नाही. बॉलपेनची शाई उजेडानं उडते, शिवाय दाब देऊन लिहावं लागतं. डिंक नको, कारण डिंकाला कसर लागते आणि पुडी उघडताना कपटा त्याला चिकटून फाटतो. लोखंडी पिन गंजते आणि गंज कागद खातो. आणि घडीची जागा लिहून ठेवणं तर सगळ्यात मोलाचं. जागा माहीत नसलेला कपटा म्हणजे नुसता कचरा. जागा माहीत असली, की तोच पुरावा होतो.

तो पुरावा कसा ठरला, ते तुम्हाला नीट कळायला हवं. कागदावरचं साल घडीवरच आलं होतं. दिसत होतं ते एवढंच: ‘सन सब’, मग भोक, मग ‘मया व अलफ’. हे अरबी आकडे: मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, सबा म्हणजे सात आणि सबैन म्हणजे सत्तर. सबा धरलं तर शुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरांतली जुनी सालगणना, ११०७, सबैन धरलं तर ११७०. शुहूर सनात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून मेपर्यंत ६०० मिळवले की इसवी सन येतं. म्हणजे एक वाचन १७०६-०७ चं, औरंगजेबाच्या अखेरच्या वर्षाचं, आणि दुसरं १७६९-७० चं, थोरल्या माधवरावांच्या काळातलं. मध्ये त्रेसष्ट वर्षं. अक्षराचं वळण दुसऱ्या सालाकडे झुकत होतं, पण वळणावरून अंदाज बांधता येतो, साल ठरत नाही. तुमच्या पुडीतल्या एका कपट्यावर न निघाला.

न निघाला म्हणून तो तिथलाच असं होत नाही, म्हणून जुळणी तीन बाजूंनी केली. हातकागद खालून उजेड सोडून पाहिला की साच्याच्या जाळीच्या बारीक रेषा दिसतात. कपट्यावरच्या रेषांची दिशा आणि त्यांच्यातलं अंतर मूळ कागदाशी जुळायला हवं. दुसरं, कसरीचं भोक. कीड घडी केलेल्या कागदातून आरपार जाते, त्यामुळे एका घडीवरचं अर्धं भोक शेजारच्या थरांवर त्याच जागी सापडतं. तिसरं, शिरोरेघ. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहितात, तेव्हा कपट्यावरच्या रेघेची जाडी आणि उतार ओळीशी मिळाला पाहिजे. तिन्ही जुळलं. सबैन.

या पार्श्वभूमीवर आधीच्या अनुभवांबद्दल बोललंच पाहिजे, कारण तुमचं वेगळेपण त्याशिवाय कळणार नाही. एका ठिकाणी याच गावचे आणखी कागद होते. तिथे ते आपोआप पानं ओढणाऱ्या स्कॅनरमधून काढले होते. त्या यंत्राचे रबरी रूळ सपाट, सारख्या जाडीच्या, नव्या कागदासाठी असतात. अडीचशे वर्षांचा, घड्यांनी खचलेला कागद त्यात गेला की पहिल्याच रुळावर कोपरा दुमडतो आणि घडीवर फाटतो. फाटलेलं मग सेलोटेपनं जोडलेलं होतं. टेपचा चिकट थर काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो, वरचं प्लॅस्टिक गळून जातं आणि तपकिरी पट्टा कायमचा राहतो. दुरुस्ती करायचीच तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ हा मार्ग आहे, कारण ती खळ पुढे ओलाव्यानं सोडवता येते. तीही जाणकारानंच लावायची. आपल्या जुन्या शाईत काजळी आणि डिंक असतो. ती कागदात मुरत नाही, वर बसते, आणि पाण्यानं सुटते. थुंकी लावून पान उलटणारा माणूस प्रत्येक पानामागे थोडी थोडी अक्षरं बोटावर घेऊन जातो. दुसऱ्या एका ठिकाणी निवडक कागद ‘कायमचे सुरक्षित’ म्हणून गरम प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट केले होते. ते आता काढता येत नाहीत. काढायला गेलं तर शाई प्लॅस्टिकबरोबर निघते. तिथल्या भिंतीवर ‘वारसा जपा’ अशी पाटी मात्र झकास होती.

वाचून देणारेही भेटले. पानामागे पैसे ठरवून मोडीचं देवनागरी करून मिळतं, त्यात वावगं काही नाही, पोटापाण्याचं काम आहे. पण जिथे भोक होतं तिथे मजकूर सलग होता! चौकोनी कंस नाही, टिंबं नाहीत, प्रश्नचिन्ह नाही. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, विरामचिन्हं नाहीत, त्यामुळे सलग कागदालाही एकाहून जास्त वाचनं संभवतात. फाटक्या कागदाचं सफाईदार लिप्यंतर पाहिलं की सावध व्हावं. वर त्यांनी शुहूर सन हिजरी धरून बेरीज केली होती. हिजरी ११७० म्हणजे १७५६-५७. पानिपतानंतरचा कागद तेरा वर्षं मागे सरकून पानिपताच्या आधी जाऊन बसला. महिने हिजरी चांद्र आणि साल शुहूर, असा दुहेरी कारभार या कागदांत असतो. तो न कळता तारखा काढणारे आजही तारखा काढताहेत.

आणि कलेच्या बाजूची मंडळी कमी नाहीत. ‘जुनं वाटायला प्रिंट चहाच्या पाण्यात बुडवा’ हा सल्ला अजूनही मिळतो. चहातलं टॅनिन कागदाला आम्ल चढवतं आणि कागद ठिसूळ होतो, हे एक. दुसरं म्हणजे तो खोटेपणा आहे, तोही आळशी. मोडीची अक्षरं कुर्त्यांवर आणि भिंतींवर नक्षी म्हणून छापतात, त्यातलाच हा प्रकार. न वाचता वापरलेला कागद सजावटच होतो. कलाकार जितीश कलाट यांच्या २०१२ च्या ‘कव्हरिंग लेटर’ या मांडणीत गांधीजींनी २३ जुलै १९३९ रोजी हिटलरला लिहिलेलं पत्र कोसळत्या धुक्याच्या पडद्यावर पडतं आणि माणसं त्यातून चालत जातात. ते भिडतं, कारण अंगावरून सरकणारं वाक्य वाचता येतं. तोच पडदा आणि न वाचलेली मोडी असती, तर छान फोटो निघाले असते, बस्स.

पेशवे दप्तरातले निवडक कागद १९३० ते १९३४ दरम्यान ४५ खंडांत छापून झाले. त्या निवडीत साहजिकच राजकारण जास्त: स्वाऱ्या, तह, कारभाऱ्यांची पत्रं. कुठल्या थळात कोण कसत होतं, हे फडक्यातच राहिलं. आजच्या कलेला नेमका तोच ऐवज लागतो आणि त्याची किल्ली साहेबांकडे नसते, तुमच्यासारख्यांकडे असते.

तुमच्या पुडीनं प्रदर्शनाची मांडणीच बदलली. कागदाची दोन्ही अंगं, पाठपोट, मूळ मापाला ४०० डीपीआयनं टिपली: कॅमेरा कागदाला समांतर, दोन्हीकडून ४५ अंशांत दिवे, फ्लॅश नाही, चौकटीत रंगपट्टी आणि सेंटिमीटरची पट्टी. मग एक दिवा जवळजवळ कागदाच्या पातळीला आणून आणखी एक फोटो. या तिरप्या उजेडात बोरूच्या खुणा, खरवडून पुसलेला आकडा, शाई टिपायला टाकलेल्या वाळूचे कण, सगळं वर येतं. छपाई सुती हातकागदावर, मूळ मापात, पिगमेंट शाईनं. यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. हातकागदाचे सुटे तंतू प्रिंटरच्या शाईतोंडात अडकून पांढरे पट्टे येतात, म्हणून प्रत्येक ताव आधी मऊ ब्रशनं झाडायचा. आणि ताव सपाट नसेल तर शाईतोंड त्याला घासतं, म्हणून तो वजनाखाली दाबून ठेवायचा आणि प्रिंटरमधलं अंतर सगळ्यात रुंद करायचं. खळ न दिलेल्या कागदावर शाई फुटते, तेव्हा खळीचाच ताव घ्यायचा.

जिथे मूळ कागदाला भोक आहे, तिथे छापील तावालाही भोक कापलं आहे आणि मागून दिवा सोडला आहे. कपटे वेगळ्या भिंतीवर, दहापट मोठे करून. भोकं भरून काढायची नाहीत, हे तुमच्या पुडीकडे बघूनच ठरलं. मूळ कागद दालनात आणलाच नाही. त्याला ५० लक्सचा मंद उजेडही मोजूनच द्यावा लागतो आणि उद्घाटनाच्या दिवशी तिथे कॅमेऱ्यांचे फ्लॅश आवरणं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं.

शेजारच्या खोलीत गावातल्या वयस्कर मंडळींचे आवाज आहेत. गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, माणसं दुसरीकडे वसली, पण थळांची नावं त्यांना एका दमात सांगता येतात: चिंचेचं थळ, वडाखालचं, खालची वाहाळ. बरीच नावं कागदाशी जुळतात. काही जुळत नाहीत, आणि दोन आजीबाईंचं एका बांधावरून एकमेकींशीही जुळत नाही. तिथे कागद खरा आणि म्हातारी चुकली असं धरायचं कारण नाही. थळझाडा साऱ्यासाठी लिहिला जायचा. कुळकर्ण्यानं जे नाव लिहिलं ते गावच्या बायकांच्या तोंडी असेलच असं नाही. दोन्ही नावं शेजारीशेजारी ठेवली आहेत. (असे आवाज टिपणाऱ्यांसाठी जाता जाता: माइक तोंडापासून वीतभर, पंखा आणि फ्रिज बंद, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि वेव्ह फाइल. नावं विचारू नका, बांधाबांधानं चालत निघाल्यासारखं सांगायला सांगा. एकामागून एक आठवत जातात.)

चांगुलपणाचं आपल्याकडे फार मोठं करून सांगतात, सत्कार, शाल, श्रीफळ. तो बहुतेक वेळा यातलं काहीच नसतो. वाचनालयात ‘हे नाही, पण त्या कपाटात बघा’ म्हणणारी बाई, संग्रहालयातला पहारेकरी जो काचेवर हात टेकवू नका असं न ओरडता सांगतो, भूमापनाच्या कचेरीत जुना नकाशा गुंडाळी न मोडता उलगडणारा शिपाई. यांच्या पगारपत्रकावर यातलं काही लिहिलेलं नसतं. वरिष्ठांना ते दिसत नाही आणि दिसलं तर ‘वेळ घालवतो’ असा शेरा मिळतो. तरी ते करतात. जुनं गाव पुन्हा उभं करायला निघालेले आम्ही सगळे त्यांच्या खांद्यावर बसून आलो, आणि खाली उतरून नमस्कार करणारे त्यातले किती?

आता कामाचं. सोबत दोन हार्ड डिस्क पाठवत आहोत, दोन्हींवर तोच ऐवज. फाइलींची नावं तुमच्याच क्रमांकांनी आहेत: रुमाल, पुडकं, कागद, मग पाठ किंवा पोट. कपट्यांच्या फाइलींना शेवटी घडीची जागा जोडली आहे. मूळ टिफ फाइलींना हात लावू नका, कुणाला द्यायची तर जेपीजी प्रत द्या. एक डिस्क कार्यालयात आणि दुसरी वेगळ्या इमारतीत ठेवा, एका नळाच्या गळतीत दोन्ही जायला नकोत. आम्लरहित कागदाचे चौकोनी तुकडेही पाठवले आहेत, पुड्यांसाठी. रुमालांतल्या वेखंडाचा वास गेलाय, पावसाळ्याआधी नवा घाला, पण पुरचुंडीत बांधून आणि कागदाला न टेकवता. साठानोंद वहीत हे सगळं ‘भेट, विनामूल्य’ असं लिहा, म्हणजे ऑडिटवाले तुम्हाला विचारणार नाहीत. आणि दुसऱ्या कागदाच्या सहाव्या ओळीतलं एक नाव अजून लागलेलं नाही. फलकावर तिथे प्रश्नचिन्ह ठेवलं आहे. सवडीनं बघून कळवा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले,
प्रदर्शनातली सगळी मंडळी