कॉल्नी हॅचचा लांबलचक कॉरिडॉर

लंडन

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

जुन्या सार्वजनिक इमारतींचे नकाशे तू हौसेने जमवतोस, म्हणून उत्तर लंडनमधल्या कॉल्नी हॅच मनोरुग्णालयाची हकीकत तुला कळवावीशी वाटली. गरीब मनोरुग्णांसाठी प्रत्येक काउंटीने रुग्णालय बांधलेच पाहिजे, असा कायदा इंग्लंडमध्ये १८४५ साली झाला. कॉल्नी हॅच तेव्हा मिडलसेक्स काउंटीत होते आणि तिचे हॅनवेल येथील रुग्णालय अपुरे पडत होतेच. तेव्हा १८४९ मध्ये राजपुत्र अल्बर्टच्या हस्ते या दुसऱ्या रुग्णालयाची पायाभरणी झाली आणि १८५१ मध्ये ते सुरू झाले.

वास्तुकार सॅम्युअल डॉक्स याने दर्शनी बाजू इटालियन धाटणीची केली. मधोमध घुमट, दोहों अंगांना मनोरे आणि एकंदर लांबी जवळजवळ १,९०० फूट; समोरून पाहणाऱ्याला एखाद्या संस्थानिकाचा वाडाच वाटावा. मला विचारशील तर हा सगळा थाट पाहुण्यांसाठी होता. इमारतीचा खरा कणा म्हणजे आतला कॉरिडॉर, मैलाच्या तिसऱ्या हिश्शाहून लांब. पुरुष एका अंगाला, स्त्रिया दुसऱ्या अंगाला, आणि वॉर्डामागून वॉर्ड त्यालाच जोडलेले. आवारात शेतीही होती आणि धोबीखानाही. तिथे राबणारे हात बरेचसे रुग्णांचेच.

मूळ योजना सुमारे १,२५० रुग्णांची होती. वेळेवर उपचार झाले की माणूस बरा होऊन घरी जाईल आणि खाट रिकामी होईल, हा हिशेब काही जमला नाही, कारण येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण कायमचेच राहिले. दहा वर्षांच्या आत वाढीव बांधकाम करून सोय दोन हजारांच्या घरात न्यावी लागली. तेही पुरेना, तेव्हा १८९६ मध्ये लाकूड आणि पत्रा वापरून तात्पुरती इमारत उभारली गेली. ‘तात्पुरती’ म्हणून बांधलेले कसे वर्षानुवर्षे चालू राहते, हे तुला मी सांगायला नको. जानेवारी १९०३ मध्ये तिला आग लागली आणि पन्नासहून अधिक स्त्री रुग्ण त्यात दगावल्या.

१९६१ मध्ये आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी अशी अवाढव्य रुग्णालये मोडीत काढण्याचा मनोदय जाहीर केला, तरी हे बंद व्हायला १९९३ उजाडले. आता तिथे महागडे फ्लॅट आहेत आणि संकुलाचे नाव प्रिन्सेस पार्क मॅनर.

ठाण्याच्या मनोरुग्णालयाचा जुना नकाशा तुझ्या संग्रहात असेल, तर तिथले वॉर्ड असेच एका कॉरिडॉरला ओवलेले आहेत की सुटे सुटे, तेवढे पाहून कळव.

तुझा,
अनंत