तुमच्याच सल्ल्याने पेट्रोलमध्ये ऑइल मिसळले, आणि तुम्हीच वॉरंटी नाकारली

दिनांक : 11 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सात एचपी पेट्रोल पॉवर वीडरच्या इंजिनाबाबत मिळालेला चुकीचा सल्ला आणि त्याच कारणाने नाकारलेली वॉरंटी

महोदय,

मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक शेतकरी. 22 मे 2025 रोजी तुमच्या जळगावच्या विक्रेत्याकडून मी पॉवर वीडर, म्हणजे तण काढायचे यंत्र, घेतला. वॉरंटी एक वर्षाची आहे. जूनच्या शेवटी तीन एकरांत मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची केळी, लावली, सहा बाय पाच फुटांवर, टिश्यू कल्चरची सव्वाचार हजार रोपे. केळीच्या बागेत पहिले चार महिनेच यंत्र फिरते. पुढे पाने एकमेकांत जातात, खाली सावली पडते आणि तणही मागे हटते. म्हणून वीडर घ्यायचा तो याच चार महिन्यांसाठी. हे आधी सांगतो, कारण यातला एक महिना तुमच्या हेल्पलाइनशी बोलण्यात गेला आहे.

14 जुलैला यंत्र पहिल्यांदा बंद पडले. सकाळी एका दोरीत सुरू झाले, वीस-पंचवीस मिनिटे छान चालले आणि चालता चालता एकदम थांबले. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, पण फट् नाही की फुस् नाही. तासाभराने पुन्हा एका दोरीत सुरू. पुन्हा पंचवीस मिनिटे, पुन्हा बंद.

त्याच दिवशी हेल्पलाइनला फोन केला. फोनवरच्या ताई हिंदीत बोलत होत्या, बोलणे अतिशय नम्र होते. त्यांनी सांगितले, ऑइल कमी झाले की सेन्सर इंजिन बंद करतो, ऑइल टाका. ही गोष्ट खरी आहे. पण यंत्र सपाट जागेवर आहे का, झाकण उघडल्यावर ऑइल काठापर्यंत दिसते का, हे त्यांनी विचारले नाही. यंत्र सरीत एका अंगाला कललेले होते. मी तिथेच दोनशे मिली ऑइल ओतले. माझ्या इंजिनात मुळात सहाशे मिलीच्या आसपासच मावते. त्यानंतर निळसर धूर सुरू झाला आणि एअर फिल्टर ऑइलने चिंब झाला. बंद पडणे होते तसेच राहिले.

16 जुलैला दुसरा फोन केला. या वेळी दुसरे गृहस्थ होते. त्यांनी सांगितले, "पेट्रोलमध्ये ऑइल मिसळता का? लिटरला 40 मिली टाका, इंजिन गरम होऊन जाम होत असेल." मी विचारलेसुद्धा, की साहेब, ऑइल तर खाली वेगळे भरतो ना? ते म्हणाले, दोन्हीकडे लागते. मी विश्वास ठेवला. कंपनीचा माणूस सांगतो म्हटल्यावर शेतकरी विश्वासच ठेवणार. घरच्या फवारणी पंपाच्या पेट्रोलमध्ये आम्ही ऑइल मिसळतोच, त्यामुळे ते मनाला पटलेही.

आज मला कळते की ते प्रमाण टू-स्ट्रोकचे आहे. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलची वेगळी जागा नसते, पेट्रोलबरोबर जाणारे ऑइलच क्रँक आणि पिस्टनला मिळते, म्हणून ते मिसळावेच लागते. वीडरचे इंजिन फोर-स्ट्रोक आहे. त्याचे ऑइल खालच्या भांड्यात राहते. पेट्रोलमध्ये आणखी मिसळले तर ते फक्त जळते, ठिणगी पाडणाऱ्या प्लगवर काजळी धरते आणि धूर करते. फोनवरच्या माणसाने "तुमचे यंत्र कोणते?" एवढा एक प्रश्न विचारला असता तरी हे टळले असते.

त्यानंतर तंत्रज्ञ यायला एकोणीस दिवस लागले. दरम्यान एकदा मी स्वतः यंत्र छोटा हत्तीत घालून भुसावळमार्गे जळगावला नेले, भाडे 1,800 रुपये. सर्व्हिस सेंटरमध्ये ते थंडगार सुरू झाले, पाच मिनिटे चालले, आणि "काहीच दोष नाही" म्हणून मला परत पाठवले. पंचवीस मिनिटे चालवून पाहा, अशी विनंती मी तीनदा केली.

4 ऑगस्टला तंत्रज्ञ शेतावर आले. प्लग काढला, काळा होता. टाकीचा वास घेतला, मग कागद लिहिला : "ग्राहकाने पेट्रोलमध्ये ऑइल मिसळले. इथेनॉलचे पेट्रोल साठवून वापरले. वॉरंटी लागू नाही." मी त्यांना 16 जुलैच्या फोनचे सांगितले. त्यांनी खांदे उडवले आणि सही मागितली. मी सही केली नाही.

महोदय, या एका कागदाने मला जितके दुखावले तितके बंद पडलेल्या यंत्राने दुखावले नाही. तुम्ही सांगितलेली गोष्ट मी अक्षरशः पाळली आणि तीच माझी चूक ठरवली गेली.

पेट्रोलचेही सांगतो. ते आदल्या संध्याकाळी पंपावरून आणलेले होते. इथेनॉल पाणी ओढते, महिनाभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलने कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल जायचे बारीक भोक, बुजतो, हे आम्हालाही माहीत आहे. पण तंत्रज्ञांनी उघडलेली कार्ब्युरेटरची वाटी माझ्यासमोर स्वच्छ निघाली, तिचा फोटो माझ्याकडे आहे. आणि आमच्याकडच्या पंपावर वीस टक्के इथेनॉलचेच पेट्रोल मिळते. ते तुमच्या इंजिनाला चालत नसेल, तर विकण्याआधी सांगायला हवे होते. सोबतच्या पुस्तिकेत त्याबद्दल एक ओळ नाही. पुस्तिका इंग्रजीत आहे, मराठीचे एक पानही नाही.

आता खरा दोष कसा सापडला ते लिहितो. तुमच्या अभियंत्यांनी हे नीट वाचावे अशी इच्छा आहे.

फैजपूर रस्त्याला टपरीत मोटारसायकली आणि फवारणी पंप दुरुस्त करणारे एक मिस्तरी आहेत, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. 6 ऑगस्टला त्यांना फोन केला. त्यांनी सल्ला देण्याआधी प्रश्न विचारला : "एकदम बंद पडून राह्यलं, का घुटमळत घुटमळत?" मी म्हटले, एकदम, जणू कोणी बटण दाबले. "मग पेट्रोल नाही, करंट पाहू. पेट्रोल तुटलं तर ते आधी हुंदके देतं." तरी खात्रीसाठी त्यांनी सांगितले, बंद पडल्याबरोबर टाकीचे झाकण सैल करून दोरी ओढा. झाकणाचे हवेचे भोक बुजले असेल तर लगेच सुरू होईल. झाले नाही.

मग ते स्वतः संध्याकाळी शेतावर आले, पैसे ठरवायच्या आधीच. यंत्र सपाट फळीवर ठेवले, जास्तीचे ऑइल काढले, ऑइल मिसळलेले पेट्रोल बदलले, नवा प्लग लावला आणि यंत्र चालू ठेवून माझ्याशी केळीच्या भावाच्या गप्पा मारत बसले. चोविसाव्या मिनिटाला यंत्र थांबले. त्यांनी लगेच प्लग काढून टोपीसकट इंजिनाच्या लोखंडाला टेकवला, पेट्रोलपासून दूर, आणि मला दोरी ओढायला लावली. ठिणगी नाही. ऑइल सेन्सरच्या वायरीचा जोड सोडला, तरी नाही. बंद करायच्या स्विचची वायर सोडली, तरी नाही. पाऊण तास थांबलो. वायरी सुटलेल्याच होत्या. इंजिनाला हात लावता येईल इतके ते थंड झाले, आणि तोच प्लग, तीच दोरी, निळी टणटणीत ठिणगी आली.

दोष इग्निशन कॉइलचा, म्हणजे प्लगला ठिणगीचा करंट देणाऱ्या भागाचा. ती तापली की आतला तारेचा वेढा तुटतो, थंड झाली की पुन्हा जुळतो. ऑइलशी त्याचा संबंध नाही, पेट्रोलशी नाही, माझ्याशी तर मुळीच नाही. भाऊंकडे कॉइल साडेसहाशेला मिळत होती, पण त्यांनी बसवली नाही. म्हणाले, "वॉरंटीचं यंत्र आहे, मी आतलं खोललं तर कंपनी तुमच्यावरच ढकलंन." त्यांनी प्लगचे पैसे घेतले, बाकी काही घेतले नाही.

या महिन्यात मधे दोनदा चांगला वाफसा, म्हणजे यंत्र चालवण्याजोगी ओल, आला आणि दोन्ही वेळा यंत्र उभे होते. शेवटी निंदणीला चौदा बाया तीन दिवस लावल्या, 250 रुपये रोजाने, म्हणजे 10,500 रुपये. तोवर तण गुडघ्याला आले होते आणि निंदताना ठिबकच्या नळ्याही दोन-तीन ठिकाणी कापल्या गेल्या.

माझी मागणी अशी. कॉइल वॉरंटीत बदलून द्यावी, फ्लायव्हीलपासूनची, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या चाकापासूनची, फट मापून बसवावी आणि एअर फिल्टर व ऑइल तुमच्या खर्चाने बदलावे. 4 ऑगस्टच्या अहवालातील माझ्यावरचा ठपका लेखी मागे घ्यावा. 14 आणि 16 जुलैच्या दोन्ही फोनचे ध्वनिमुद्रण तपासावे, फोन करताना कॉल रेकॉर्ड होतो असे तुम्हीच ऐकवता. वाहतूक आणि मजुरीचे मिळून 12,300 रुपये भरून द्यावेत. आणि हेल्पलाइनवरच्या प्रत्येकाला सल्ल्याआधी विचारायचे चार प्रश्न मराठीत छापून द्यावेत : यंत्र टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, सपाट जागी ऑइल किती, बंद पडते ते एकदम की हळूहळू, आणि बंद पडल्याक्षणी ठिणगी आहे का. फोनवरच्या त्या ताईंवर किंवा गृहस्थांवर कारवाई व्हावी असे मला वाटत नाही. त्यांना कोणी शिकवलेच नसावे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जळगावच्या जिल्हा आयोगाकडे जाईन. पावती, वॉरंटी कार्ड, अहवालाची प्रत, भाड्याची चिठ्ठी आणि ठिणगीच्या तपासणीचे दोन व्हिडिओ सोबत जोडले आहेत.

तंत्रज्ञ पाठवणार असाल तर आदल्या दिवशी कळवावे. मी भाऊंनाही बोलावून ठेवीन. यंत्र पंचवीस मिनिटे चालवू आणि दोघांच्या समोरच ठिणगी पाहू.

आपला,
एक केळी उत्पादक ग्राहक
तालुका रावेर, जिल्हा जळगाव